पाऊण इंची बासरी

माझ्या दुकानात येऊन पाइप तोंडाला लावून फुंकून बघणारं गिऱ्हाईक मी आयुष्यात एकच पाहिलं. मुरबाडच्या बाजारपेठेत आमचं हार्डवेअरचं दुकान. गिऱ्हाईक पाइप घेतं तेव्हा वाकवून बघतं, नखाने टोकरतं, 'फुटणार नाय ना?' असं तीनदा विचारतं. हा उंच, तांबूस दाढीचा गोरा माणूस पीव्हीसी पाइपांच्या थप्पीपुढे उभा राहिला आणि एकेक पाइप आडवा धरून त्याच्या तोंडावर फुंकर मारू लागला. फुंकायचं, डोळे मिटून ऐकायचं, मान हलवायची, खाली ठेवायचा. त्र्याण्णव-चौऱ्याण्णव साल असेल. मी शाळेतलं इंग्रजी बाहेर काढलं, "व्हॉट डू यू वॉन्ट?"

"पाऊन इंची पायजे, वैनी," तो म्हणाला. "पन ह्यो नाय. ह्यो घोगरा बोलतो."

हा डोनल. आयर्लंडचा. एका संस्थेच्या पाण्याच्या योजनेवर आला होता. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी उताराने पाड्यावर आणायचं, असं काम. डोळखांबकडच्या आणि मुरबाडच्या पाड्यांवर तो वर्षभर राहिला होता आणि मराठी त्याला तिथल्याच माणसांनी शिकवली होती. त्यामुळे तहसील कचेरीतला साहेब त्याच्याशी अडखळत इंग्रजी बोलायचा आणि हा उत्तर द्यायचा, "नाय ओ साहेब, आमी कालच अर्ज दिला ना." साहेबांचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

घरचा धंदा नळजोडणीचा. वडील प्लंबर, हाही प्लंबर. पण तो खरा बासरीवाला. त्याच्या देशात लाकडी आडवी बासरी वाजवतात, तशी त्याची होती. आमच्या मे महिन्याच्या उन्हात ती उभी तडकली. दुसरा कुणी हळहळला असता. याने माझ्याकडून दहा फूट पाइप घेतला, शेजारच्या चहावाल्याच्या स्टोव्हवर सळई तापवली आणि तिथेच बाकड्यावर बसून भोकं पाडली. पहिल्या तीन बासऱ्या बिघडल्या. चौथी बोलली. चहावाला म्हणाला, "ह्यातून पानी यायचा, आता गाना येतोय." डोनलने त्याला बिघडलेल्यांपैकी एक बक्षीस दिली, ती तो पुढे कित्येक वर्षं स्टोव्ह फुंकायला वापरत असे.

पाइप, एल्बो, टी, सॉकेट घ्यायला तो आठवड्यातून एकदा तरी दुकानात यायचा आणि सामान बांधून होईपर्यंत सिमेंटच्या गोणीवर बसून वाजवायचा. लिहिताना त्याला अरेतुरे करतेय, समोर मी अहोजाहोच करायचे. माझं गाण्याचं ज्ञान शून्य. पण त्याच्या वाजवण्यातली एक गोष्ट मला पहिल्याच महिन्यात कळली. वाजवण्याआधी तो कुणाचं तरी नाव घ्यायचा. "ही आमच्या पोस्टमनची. तो सायकलवर शीळ घालायचा." "ही आजोबांची." "ही एका बाईची, ती मासे विकायची, दात नव्हते तिला." मग वाजवायचा. एकदा मी विचारलं, "हे रोज कशाला सांगता? आम्ही काय त्यांना ओळखतो?"

"तुमी पाइप विकता, त्यावर कंपनीचा नाव असतो ना?" तो म्हणाला. "तसा. बिनानावाचा माल मी ठेवत नाय."

हे मला लगेच पटलं.

त्याच्या गोष्टींमध्ये सगळ्यात जास्त यायची ती त्याची मावशी, नोरा. समुद्राकाठच्या गावात तिचं घर होतं आणि भात्याची छोटी हातपेटी ती स्वयंपाकघरात बसून वाजवायची. डोनलचे आजोबा पंचक्रोशीतले नावाजलेले बासरीवाले. आजी गेली आणि त्यांनी बासरी माळ्यावर टाकली. कुणी विनवलं, कुणी रागावलं, म्हातारा हलेना. नोरामावशीने विनवणीबिनवणी केली नाही. रोज संध्याकाळी चुलीपाशी बसून ती म्हाताऱ्याची आवडती चाल वाजवू लागली, आणि रोज एकाच ठिकाणी चुकू लागली. चुकायची, मागे जायची, पुन्हा तिथेच चुकायची. आठ दिवस म्हातारा खुर्चीत चुळबुळत राहिला. नवव्या दिवशी उठला, शिडी लावली, बासरी काढली आणि गरजला, "ऐक, मूर्ख पोरी, अशी असते ती!" सात वर्षांचा डोनल तेव्हा टेबलाखाली बसला होता. "मी बासरी तवाच शिकलो," तो म्हणायचा. "बोटं मागून शिकली."

आता त्याच्या वाजवण्याच्या तऱ्हा. व्यासपीठ त्याला सोसत नसे. शहापूरच्या एका गणेशोत्सवात मंडळाने त्याचा कार्यक्रम ठेवला होता. मखमली खुर्ची, पुढे माइक, मागे त्याचं नाव लिहिलेला फलक. सूत्रसंचालकाने पंधरा मिनिटं 'सातासमुद्रापलीकडून', 'सुरांचा जादूगार' वगैरे चालवलं. डोनलने ती खुर्ची उचलली, खाली आणली, पहिल्या रांगेतल्या बायकांच्या शेजारी तिरकी ठेवली आणि बसला. माइकवाल्याची धावपळ झाली. डोनल म्हणाला, "ही माझ्या मावशीची चाल. ती हितं असती त बोलली असती, कमी बोल." आणि सुरू.

वाजवताना तो कुणाच्या तोंडाकडे बघत नसे. पायांकडे बघायचा. दोन चाली झाल्या आणि थांबला. "पाय हालत नाय कुनाचा," तो म्हणाला. "भूक लागली का तुमाला?" सगळे हसले. तिसऱ्या चालीला मागच्या रांगेतल्या एका म्हातारबाबांचा अंगठा हलू लागला. त्या अंगठ्याकडे बघत डोनलने अर्धा तास वाजवलं. शेवटी निम्मा मांडव उभा राहून नाचत होता आणि शाल-श्रीफळ घेऊन बसलेले पाहुणे एकटेच व्यासपीठावर उरले होते.

त्याच कार्यक्रमात कुणीतरी ओरडलं, "डोनलभाऊ, धवल्याची चाल होऊन जाऊ दे!"

"नाय," डोनल म्हणाला. "आज कुनाचा लगीन हाय?"

हे उत्तर त्याचं नव्हतं. ते माझ्या सासूबाईंचं होतं.

माझ्या सासूबाई, बारकाबाई, धवलारीण होत्या. आमच्याकडच्या लग्नात घाणा भरण्यापासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचं वेगळं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात. धवलारीण पहिली ओळ उचलते, बाकीच्या बायका ती झेलतात, आणि गाणं चालू असतं तोवर विधी चालू राहतो. भटजी चुकले तर कुणाच्या लक्षात येत नाही, धवलारीण चुकली तर सगळ्या बायका माना वर करतात. सासूबाईंना लिहितावाचता येत नव्हतं, पण धवले सगळे तोंडपाठ. पंचवीस गावांतून त्यांना बोलावणं यायचं.

डोनलने त्यांचा धवला एका लग्नात ऐकला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या ओटीवर हजर. "आये, कालचा परत म्हना ना."

"लग्नाबिगर धवला म्हनत नाय रे," सासूबाई म्हणाल्या. "उगाच म्हटला त लगीन कुनाचा लावू? तुजा?"

"माजा झालाय."

"मंग जा, पाइप जोड."

त्याला ऐकायचं असेल तर लग्नात येणं भाग होतं. म्हणून त्या मोसमात आणि पुढच्याही मोसमात तो सासूबाईंच्या मागे लग्नालग्नांतून फिरला. टेपरेकॉर्डर नेला नाही. मी म्हटलं, "रेकॉर्ड करून घ्या की, काम सोपं होईल." तर म्हणाला, "डब्यात घेतली त डब्यात ऱ्हाते, वैनी." मांडवात तो पाणी भरायचा, पाटा उचलायचा, पंगतीला वाढायचा आणि बायकांच्या घोळक्यापासून चार हातांवर, मांडवाच्या खांबाला टेकून बसायचा. बायका आधी लाजल्या, मग त्याच्याकडून नारळ फोडून घेऊ लागल्या. हळूहळू तो पाठून बारीक सूर धरायचा. सासूबाई मान न वळवता सांगायच्या, "खाली, खाली. तुजा पाइप वर चाललाय." गुरू म्हणून त्या कडक होत्या. शाबास हा शब्द मी त्यांच्या तोंडून लग्नानंतर दोनदाच ऐकला, आणि त्यातला एक म्हशीला होता.

दोन वर्षांत डोनलला सगळ्या चाली आल्या. शब्द मात्र आले नाहीत. ते त्याच्या कानात शिरत आणि निसटून जात. बायकांचं उलटं होतं. वर्षानुवर्षं झेलून झेलून शब्द त्यांना पाठ होते, पण सुरुवात करायची वेळ कुणावर कधी आलीच नव्हती. सुरुवात करायला बारकाबाई होत्या ना. मी तर यातल्या कशातच नव्हते. लग्नात मी पंगतीचा हिशोब बघायचे आणि दुकान उघडायला पळायचे.

मग आमच्याच घरात लग्न निघालं. माझी धाकटी नणंद सुमन, सासूबाईंची एकुलती एक मुलगी. तारीख ठरली, पत्रिका छापल्या, आणि महिनाभर आधी सासूबाईंचा आवाज बसला. कल्याणच्या डॉक्टरांनी घशात गाठ सांगितली, ती काढली. साधी होती, काळजीचं काही निघालं नाही. पण डॉक्टर म्हणाले, दोन महिने बोलायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. मी मुद्दाम विचारलं, "आणि गायलं तर?" ते म्हणाले, "जखम ओली आहे. आता गायल्या तर कायमचा आवाज जाऊ शकतो. मग ठरवा."

ठरवणाऱ्या सासूबाई होत्या. घरी येताना गाडीत त्यांनी माझ्या हाताला हात लावला, स्वतःच्या गळ्याकडे बोट केलं, मग घराच्या दिशेने, सुमनकडे. आणि मान ठामपणे होकारार्थी हलवली. पंचवीस गावांच्या पोरींना त्यांनी हळद लावली होती. स्वतःच्या पोरीची हळद मुकी जाऊ देणार नव्हत्या, मग पुढे जन्मभर आवाज नसला तरी चालेल.

घरात बैठक बसली. आमच्या ह्यांनी काही सुचवलं नाही. ते अशा वेळी छत्री दुरुस्त करतात. धाकटे दीर मधुभावजी म्हणाले, "वहिनी, बँड सांगतो. नाहीतर कॅसेट लावू. आजकाल सगळे लावतात." सासूबाईंनी हातातली पळी इतक्या जोरात आपटली की तो विषय संपला. मी शेजारपाजारच्या बायकांना विचारून आले. सगळ्यांचं एकच, "अगो, आमी मागून म्हनू. पुढं कोन होनार? बारकाबाईच्या समोर आमी तोंड उघडायचा? चुकला त?" काशीकाकू या त्यांतल्या सगळ्यात जाणत्या. त्यांनाही धीर होईना.

डोनल दुकानात आला तेव्हा मी त्याला हे सगळं सांगितलं. सांगता सांगता दोन गिऱ्हाइकं केली, त्यामुळे रडण्याचा प्रश्नच नव्हता. तो ऐकत राहिला. म्हणाला, "मी वाजवू?"

"तुम्ही वाजवून काय होणार? हळद शब्दांवर लागते. बायका म्हणाल्या पाहिजेत."

"हां," तो म्हणाला आणि वॉशरचं पाकीट घेऊन गेला. मला त्याचा थोडा रागच आला.

हळदीच्या दिवशी दुपारी चार वाजता मांडवात सुमनला पाटावर बसवलं. वाटीत हळद कालवलेली. सभोवती बायका. सकाळी घाणा कसाबसा उरकला होता. बायकांनी नुसती कुजबूज केली आणि मुसळ खाली ठेवलं. नवऱ्याकडच्या बायका एकमेकींना कोपराने ढोसत होत्या. आता हळद. सगळं थांबलं. काशीकाकूंनी माझ्याकडे बघितलं, मी काशीकाकूंकडे. सुमनने मान खाली घातली होती, पण तिचे खांदे हलताना मला दिसले. सासूबाई तिच्या समोर बसल्या होत्या. त्यांनी पदर सारखा केला, पाठ ताठ केली. गाण्याआधी त्या अशीच पाठ ताठ करत. मी त्यांचा दंड धरला. त्यांनी माझा हात झटकून टाकला आणि तोंड उघडलं.

तेवढ्यात खांबापाशी बासरी वाजली.

मला चालींतलं कळत नाही, पण ही चाल मलासुद्धा कळली. पाठवणीची होती. पोरगी सासरी निघते तेव्हाची, जिला बायका हमखास रडतात ती. हळदीच्या पाटावर पाठवणी! सासूबाईंचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

"अरे मेल्या!" काशीकाकू ओरडल्या. "हलद लागायच्या आधीच पोरगी घालवतंस काय?"

डोनल थांबला. "चुकला काय? माफ करा हां." बासरी पुसली, पुन्हा लावली, आणि घाण्याची चाल सुरू केली.

"ती सकालीच झाली! याला कुनी बोलावला रे!"

"दोन वर्सं मांडवात बसतोय आनि हलद ठाऊक नाय!"

"मंग कशी असते?" डोनलने अगदी बावळट चेहरा करून विचारलं. आणि तिसऱ्यांदा चुकीचीच चाल लावायला बासरी उचलली.

"ठेव ती नळी खाली!" काशीकाकू तरातरा पुढे आल्या. "ऐक, अशी असते!" आणि त्यांनी हळदीच्या धवल्याची पहिली ओळ उचलली. रागारागात, वरच्या पट्टीत, पण बरोब्बर. बाकीच्या बायका तयारच होत्या, त्यांनी झेलली. दुसरी ओळ काकूंच्या शेजारणीने उचलली, कारण काकू श्वास घ्यायला थांबल्या आणि तिला राहवलं नाही. तिसरी आणखी कुणी. मांडव भरून गेला. सासूबाईंनी तोंड मिटलं. हळदीत बोट बुडवलं, सुमनच्या कपाळाला लावलं, आणि डाव्या हातातल्या अंगठीने पाण्याच्या तांब्यावर ठेका धरला. एकदा एक ओळ मागेपुढे झाली तेव्हा त्यांनी तांब्या जोरात वाजवला. बायकांनी लगेच ती ओळ सुधारून घेतली. हळद तासभर चालली. नवऱ्याकडच्या बायकासुद्धा गळा सोडून गायल्या.

डोनलने बासरी खाली ठेवली ती ठेवलीच. एरवी वाजवण्याआधी नाव घेणारा माणूस त्या दिवशी कुणाचंच नाव न घेता वाजवत होता, हे माझ्या लक्षात आलं, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात स्वयंपाकघर, हातपेटी आणि ती नोरामावशी लखकन उजळली.

पंगतीत वाढताना मी त्याला गाठलं. "खरं सांगा. खरंच चुकलात?"

तो भाताचं पातेलं सांभाळत म्हणाला, "मावशीला आठ दिस लागले, वैनी. तुमच्या बायांनी दोन मिंटं बी धीर नाय धरला."

"मग मला आधी सांगायचं होतंत."

"तुमी नाटक करता येनारी बाई नाय. तुमच्या तोंडावर बिल छापलेला असतो."

खरं होतं. तो जेवायला बसल्यावर मी त्याच्या पानात आणखी एक पुरणपोळी टाकली, तूपही जास्त घातलं. सासूबाई लांबून बघत होत्या. त्यांनी त्याला जवळ बोलावलं, त्याची बासरी हातात घेतली, उलटीसुलटी करून पाहिली आणि तिच्यावर हळदीचं बोट ओढलं. तिसरं शाबास ते. आवाज नव्हता, म्हणून मी मोजणीत धरत नाही.

योजनेचं काम संपलं आणि वर्षभराने डोनल गेला. निरोप असा नव्हताच. दुकानात आला, म्हणाला, "वैनी, निघतो. पाऊन इंची हाय का?" दहा फूट पाइप घेतला, त्याचे सारखे तुकडे करून मागितले, सुतळीने बांधले आणि बॅगेत उभे घातले. विमानतळावर त्याला काय काय विचारलं असेल, देव जाणे.

सासूबाईंचा आवाज परत आला, जरा बारीक होऊन. त्या पुढे काही वर्षं गायल्या, पण आता काशीकाकूंना मुद्दाम पुढे करून स्वतः मागे बसायच्या आणि तांब्या वाजवायच्या. दोन हजारच्या पुढे कधीतरी आयर्लंडहून पाकीट आलं. आत डोनलची सीडी. प्रत्येक चालीपुढे माणसाचं नाव छापलेलं: पोस्टमन, आजोबा, नोरामावशी, ती मासेवाली. मी सासूबाईंना सगळी यादी वाचून दाखवली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकली.

"माजा नाव नाय?"

सोबत चिठ्ठी होती. ती मी वाचली. 'वैनी, इथले लोक धवल्याची चाल पन मागत होते. मी बोललो, स्टुडिओत कुनाचा लगीन हाय?'

सासूबाई खुदकन हसल्या. "शिकला," म्हणाल्या.

त्यानंतर दोन पावसाळे काढून त्या गेल्या. पुढच्याच वर्षी काशीकाकूही.

माझ्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा मुरबाडात डीजे आला होता. मी विरोध केला नाही. तरुण पोरांना हवा होता, असू दे. हळदीला अंगणात दोन कपाटांएवढे स्पीकर लावले. पण ते लोडशेडिंगचे दिवस. लेकीला पाटावर बसवलं, हळदीची वाटी पुढे आली आणि वीज गेली. जनरेटरवाल्याचा पत्ता नव्हता. स्पीकर गप्प झाले. सगळ्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. तेच जुनं बघणं, मी ते लगेच ओळखलं.

मला एकच धवला थोडासा येतो, कारण सुमनच्या हळदीला तो जन्माचा डोक्यात बसला. मी घसा खाकरला आणि माझ्या भसाड्या आवाजात, बेसूर, पाठवणी सुरू केली.

एक ओळही पुरी झाली नाही. मागून सुमन ओरडली, "अगो वैनी, काय करतेस! पोरगी घालवतेस काय आधीच? सर बाजूला, अशी असते ती!"

मी बाजूला सरले, आणि तांब्या शोधायला आत गेले.